आबांचा पाय न पाहता वाचवणाऱ्या मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
नमस्कार.

आपण मला विसरला असाल. केज तालुक्यातला, अंगावर तुरीचा भुसा तसाच घेऊन आपल्या लॅबच्या दारात उभा राहिलेला तो मी. येळवस (वेळ अमावस्या) होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. तुरी काढताना आबांच्या नडगीत धसकट घुसलं. आबांना बारा वर्षांची शुगर. जखम आधी लाल, मग जांभळी, मग मधोमध कोळशासारखी काळी.

आपल्याकडे येण्याआधीचे सतरा दिवस आठवले की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. एकानं पट्टी न सोडताच "शुगरची जखम, असं व्हायचंच" म्हणत गोळ्या बदलल्या. दुसऱ्यानं गँगरीन ठरवून गुडघ्याखाली कापायची तारीखही देऊन टाकली. मध्ये जखमेचा एक तुकडा तपासायला गेला, तर 'साधी सूज, विशेष काही नाही'. त्यांच्याकडं तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि त्याच्या काचा परत मागितल्या तर तीन चकरा मारायला लावल्या. जसं काही मी त्यांचं सोनंच मागत होतो.

आपण ती जुनी काच पाहिलीत आणि विचारलंत, "दादा, लागलं कशानं होतं?" सतरा दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. तुकडा वरच्या मेलेल्या कातडीचाच आहे, खाली चरबीपर्यंतचा हवा, असं माझ्यासमोरच सर्जनसाहेबांना फोन करून सांगितलंत.

नवा तुकडा आला. त्या संध्याकाळी आपण मायक्रोस्कोपपुढच्या खुर्चीवरून उठलात आणि मला म्हणालात, "बसा, बघा." आधी नुसतं गुलाबी-निळं दिसलं. मग आपण चांदीच्या क्षाराचा रंग चढवलेली काच लावलीत. हिरव्या पटावर काळ्या फिती! रुंद, मुरगळलेल्या, मध्ये पडदे जवळजवळ नाहीत, फांदी फुटलेली ती काटकोनात. दुसरी एक बुरशी बारीक, पेरापेरांची असते, तिची फांदी तिरकी जाते आणि तिच्यावरचं नेहमीचं औषध हिला चालत नाही, हे आपण सांगितलंत. ही म्युकर नावाची बुरशी. २०२१ मध्ये कोरोनानंतर लोकांच्या नाका-डोळ्यांत शिरली त्याच कुळातली, आमच्याकडं मातीतून आलेली. रक्तवाहिनीत शिरते, ती बुजवते, पुढचं मांस रक्ताविना काळं पडतं.

मी बोलून गेलो, "म्हणजे तुरीच्या मरसारखंच की. खोड चिरलं की आत काळी रेघ दिसते, पाणी वर चढत नाही, झाड उभ्या उभ्या वाळतं." आणि जीभ चावली. आपण हसला नाहीत. "अगदी तसंच," म्हणालात. पुढं सर्जनसाहेबांना फोनवर सगळं सांगून झाल्यावर म्हणालात, "पेशंटचा मुलगा म्हणतोय तसं, तुरीसारखी मर लागलीय. उद्यावर ढकलू नका."

मॅडम, हे पत्र त्या वाक्यासाठी आहे. त्याआधी दवाखान्यांत माझं बोलणं कुणी पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नव्हतं.

पुढचं काय सांगू. काळं मांस दोनदा कापून काढलं. अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या सलाईननं आबा थंडीनं असे हुडहुडायचे की पलंग वाजायचा. शेवटी मांडीचं कातडं नडगीला लावलं. पाय राहिला.

आबांनी आपल्याला पाहिलेलं नाही, आपणही त्यांना नाही. ते विचारतात, "ती बाई कशी दिसती रं?" मला नीट सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांपुढं रिकामी केलेली खुर्चीच येते. शिकलेली माणसं खूप भेटली, बसायला जागा देणारी थोडी. आमच्या आजीच्या भाषेत अशांना 'देवमाणूस' म्हणत. आपल्याला ते आवडणार नाही, म्हणून म्हणत नाही.

आबा काठी घेऊन बांधापर्यंत जातात. पायात बूट असतो, शिव्या घालत घालत का होईना. यंदाच्या तुरीची पाच किलो डाळ पाठवतोय. नाही म्हणू नका. मर न लागलेल्या पट्ट्यातली आहे.

आपला,
केजकडचा तो तूरवाला