खोताच्या वाडीत नाताळ पाहायला येणाऱ्यांसाठी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की गिरगावात संध्याकाळी हातात मोबाइल धरून इकडेतिकडे बघणारी तरुण मुलं दिसू लागतात. ‘काकू, ते नाताळचं लायटिंग कुठल्या गल्लीत आहे?’ हा प्रश्न मला एका संध्याकाळी चार-चारदा ऐकायला मिळतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून खोताच्या वाडीला लागून असलेल्या चाळीत राहते, त्यामुळे वाट दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं आहे. घाईघाईत वाट दाखवताना जे सांगायचं राहतं, ते या पत्रातून सांगते.

पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ही वाडी ओळखली जाते. त्यांनी इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना घरांसाठी जागा दिल्या. ईस्ट इंडियन म्हणजे कुणी बाहेरून आलेले, असा पुष्कळांचा समज असतो. ही मंडळी मुंबई, साष्टी, वसईची मूळची रहिवासी आहेत आणि घरात बोलतात ती मराठीच, फक्त तिचा हेल वेगळा. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी 1887 साली, व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. एके काळी वाडीत त्यांची जुन्या धाटणीची 65 घरं होती. आज तिशीच्या आतच उरली आहेत, बाकीच्या जागी इमारती आल्या. म्हणून जी आहेत त्यांच्या दारात दिवे लागले की आमच्यासारख्या शेजाऱ्यांनाही जिवात जीव आल्यासारखं वाटतं.

माझी शाळेपासूनची मैत्रीण वाडीतच राहते. तिच्या घरची तयारी मी दरवर्षी बघते, हातभारही लावते. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी ती एका पसरट ताटात माती घालून नाचणी पेरते. घटस्थापनेला आपण धान्य पेरतो ना, अगदी तसंच. रोज पाणी शिंपडायचं, ताट सावलीत ठेवायचं. चोवीस तारखेपर्यंत बोटभर उंचीचे कोवळे, पोपटी कोंब येतात आणि तेच ताट येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात कुरण म्हणून मांडलं जातं. चांदणीही घरीच होते. बांबूच्या पाच काड्यांचा एक तारा, तसाच दुसरा, दोघांची टोकं दोऱ्याने आवळायची आणि मधे छोट्या काड्या आडव्या ताणून बसवायच्या, की तिचं पोट फुगतं. मग पतंगाचा कागद आणि घरी शिजवलेली खळ. दिवाळीत आमच्या चाळीतली मुलं आकाशकंदील करतात तेव्हा काड्या तासून द्यायला माझ्या मैत्रिणीचा भाऊ येतो आणि नाताळात आमची मुलं त्याच्याकडे खळ लावायला जातात. फराळाचं ताट आमच्याकडून तिकडे जातं, कुलकुल आणि नेवऱ्यांचं ताट तिकडून इकडे येतं. कुलकुल वळायला बसलो की दुपार कधी सरते कळत नाही. पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, की शिंपल्यासारख्या रेघा उठतात. दोन किलो मैद्याचे कुलकुल वळून झाले की बोटं आखडतात.

हे सगळं सविस्तर लिहिलं, कारण वाडीतली रोषणाई कुठल्या मंडळाने किंवा मॉलने केलेली नसते. ती घराघरांनी आपापल्या दारात, आपल्या देवासाठी आणि आपल्या माणसांसाठी केलेली असते. आपण बाहेरून येऊन ती बघतो.

गेल्या वर्षी चोवीस तारखेच्या रात्री जे झालं ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वाडीतल्या एका आंटींना मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या प्रार्थनेला, जायचं होतं. वय नव्वदीच्या घरात, व्हीलचेअरवर, अंगावर ठेवणीतलं लुगडं. त्यांच्याच दारापुढच्या बोळात फोटो काढणाऱ्यांची एवढी दाटी होती की खुर्ची पुढे सरकेना. वाडीचे बोळ असे की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं लागतं. नातू ‘जरा वाट द्या’ म्हणत होता आणि लोक ‘एक मिनिट, एक मिनिट’ म्हणत होते. एक मुलगी त्यांच्या ओट्यावर बसून फोटो काढून घेत होती, ती उठेपर्यंत आंटी गप्प बसून राहिल्या. आंटी चर्चमध्ये पोचल्या तेव्हा मिस्सा अर्ध्यावर आली होती. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. त्या मुलीच्या लक्षातही आलं नसेल. पण मला फार वाईट वाटलं आणि त्याहून वाईट याचं वाटलं की आंटींच्या घरच्यांनी यंदा बाहेर चांदणी लावायचीच नाही असं ठरवलं होतं. आम्ही शेजारणींनी जाऊन त्यांची कशीबशी समजूत घातली.

म्हणून येणाऱ्यांना कळकळीने सांगते. चोवीस आणि पंचवीस तारीख वाडीतल्या लोकांना त्यांच्या सणासाठी सोडा. चांदण्या आणि गोठे सहा जानेवारीपर्यंत, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत असतात. सव्वीसनंतरच्या एखाद्या साध्या वारी, दिवेलागणीच्या सुमाराला आलात तर गर्दी कमी असते, आकाशात थोडा उजेड असतो आणि लाकडी सज्जांची नक्षीही नीट दिसते. रात्री नऊनंतर येऊ नका, घरात म्हातारी माणसं आणि शाळेची मुलं असतात. नाताळच्या आधीच्या आठवड्यात आलात आणि गोठ्यातली गव्हाणी रिकामी दिसली तर कुणाचं काही विसरलं असं समजू नका. बाळ येशूची मूर्ती तिथे चोवीस तारखेच्या रात्रीच ठेवतात. ‘बाळ कुठंय?’ असं विचारत खेळण्यासारखी त्यातली मेंढरं उचलून बघणारे मी पाहिले आहेत. गणपतीच्या मखरातला उंदीर आपण असा उचलू का?

गाडी आणूच नका. आत गाडी जात नाही आणि जगन्नाथ शंकरशेट रोडवर लावायलाही जागा मिळत नाही. चर्नी रोडला उतरून चालत दहा मिनिटं लागतात, आता तर भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशनही झालं आहे. तीन-चार जणांनी मिळून या, पंधरा-वीस जणांचा घोळका करून येऊ नका. घरांना बाहेरच्या बाजूने लाकडी जिने आहेत, ते जुने आहेत आणि खाजगी आहेत. त्यांवर चढू नका, टेकूही नका. सिगारेट तर अजिबात नको. सगळं लाकूडकाम आहे, एक ठिणगी पुरे आणि बंब आत येऊ शकत नाही.

फोटो काढायला वाडीतल्या लोकांची ना नसते, पण आधी विचारा. दार उघडं असलं म्हणून खिडकीतून आतला फोटो काढायचा नसतो, आत कुणी जेवत असेल, कुणी आजारी असेल. लग्नाआधीच्या फोटोंसाठी कपडे आणि दिवे घेऊन येणारी जोडपी असतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी हे नाताळात तरी करू नये. आणि कुणी ओट्यावर बसलेलं दिसलं तर ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणा, चांदणी कुणी केली ते विचारा. माझा अनुभव आहे, एवढं विचारलं की माणसं आपणहून आत बोलावतात, गोठा दाखवतात, हातावर कुलकुल ठेवतात. एखाद्या घरी केक किंवा नेवऱ्या विकायला असतील तर जरूर घ्या, त्या घराला तेवढाच हातभार.

ज्यांना झगमगाट, गाणी, खाणंपिणं हवं आहे त्यांनी वांद्र्याच्या हिल रोडला जावं, तिथे बाजार आहे आणि गर्दीला जागाही आहे. वांद्र्याचं रानवर, माझगावची माथारपाखाडी इथेही खोताच्या वाडीसारखीच राहती घरं आहेत, तेव्हा वर लिहिलेलं तिथेही लागू.

संपादकसाहेब, नाताळच्या आठवड्यात वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमध्ये ‘रोषणाई कुठे पाहाल’ अशी पानं येतात आणि त्यात खोताच्या वाडीचा मोठा फोटो असतो. यंदा आपण तो छापाल तेव्हा त्याखाली सहा जानेवारीपर्यंतची मुदत आणि ‘घरच्यांना विचारून फोटो काढावेत’ हे एक वाक्य छापावं. आंटींच्या दारात चांदणी लागली आहे. चोवीसच्या संध्याकाळी सात वाजल्यापासून आम्ही चाळीतल्या सहाजणी त्यांच्या बोळाच्या तोंडाशी उभ्या राहणार आहोत, त्यांची खुर्ची वेळेवर चर्चला पोचावी म्हणून.

आपली,
गिरगावातील एक वाचक