मावशी, तुमचा डबा अजून माझ्याकडे आहे

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

२०२१च्या मे महिन्यात हे प्रभूघरी गेले. करोनाची दुसरी लाट, त्यामुळे कबरस्तानात पाळकसाहेब धरून मोजून सहा माणसं. मंडळीत इतकी वर्षं गाणारा माणूस, पण त्यांना निरोप देताना एकही गीत झालं नाही. ते शल्य आजही आहे.

मी आणि मुलं घरात अडकलेलो. फोन खूप यायचे. देवाची इच्छा, सगळं मिळून कल्याणासाठीच होतं, असं जो तो सांगायचा. वचन खरंच आहे. पण त्या दिवसांत ते मला दगडासारखं लागायचं.

तुम्ही मात्र रोज संध्याकाळी फाटकाशी यायचात. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले. कठड्यावर स्टीलचा डबा ठेवायचात, रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहायचात आणि तिथून मोठ्यानं बायबलमधलं एक स्तोत्र वाचायचात. चौथ्या दिवशी ८८वं वाचलंत. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही, अंधारातच संपतं. पुढे तुम्ही काहीतरी धीराचं बोलाल म्हणून मी वाट पाहत होते. तुम्ही शास्त्र मिटलंत आणि म्हणालात, "हेही देवाच्याच पुस्तकात आहे गं. रड तू."

त्या रात्री मी पोटभर रडले. किती दिवसांनी प्रार्थनेला बसले. शब्द सुचेनात, नुसतं "बापा, बापा" म्हणत राहिले.

"माझी कृपा तुला पुरे आहे" हे प्रेषित पौलाला देवाकडून मिळालेलं उत्तर मी संडे स्कूलपासून पाठ म्हणत आले. पुरे म्हणजे किती, ते तुमच्या डब्यानं दाखवलं: सहा भाकऱ्या, पिठलं, ठेचा. त्या रात्रीपुरतं.

पुढे तुम्ही मला केडगावला पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये नेलंत. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं शास्त्राचं मराठी भाषांतर बाईंनी सोडलं नाही; पुढच्याच एप्रिलमध्ये त्याही गेल्या. "दुःख सरलं म्हणून नाही बसल्या कामाला," तुम्ही म्हणालात, "तशाच बसल्या." दुसऱ्या दिवशी मी शिलाई मशीनवरची चादर काढली. मुलांच्या फिया त्याच मशीनवर निघाल्या.

तुमचा शेवटचा डबा परत करायचा राहिलाय. रविवारी उपासनेनंतर थांबा. रिकामा देणार नाही.

तुमची,
फाटकाच्या आतली लेक