डुकरातील मानवी अवयव: पशुवैद्यकालाही विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अवयव प्रत्यारोपणासाठी डुकरांचा उपयोग करण्याविषयी वर्तमानपत्रांतून वरचेवर बातम्या येत असतात. त्यांत दोन निरनिराळ्या प्रयोगांची सरमिसळ होते आणि डायलिसिसवर दिवस काढणारे रुग्ण व त्यांचे नातेवाईक त्यातून भलताच अर्थ काढतात. आयुष्यभर जनावरांचा दवाखाना चालवलेला माणूस म्हणून त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

डुकराचाच अवयव, त्यातील काही जनुके बदलून, माणसाला बसवणे हा एक प्रयोग. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात जानेवारी २०२२ मध्ये डेव्हिड बेनेट यांना बसवलेले हृदय आणि बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात मार्च २०२४ मध्ये एका रुग्णाला बसवलेले मूत्रपिंड ही त्याची उदाहरणे. मानवी पेशींपासून तयार होणारा अवयव डुकराच्या गर्भात वाढवणे हा दुसरा प्रयोग, आणि त्यातून निघालेला एकही अवयव अद्याप कोणा रुग्णापर्यंत पोहोचलेला नाही.

या दुसऱ्या वाटेवरचा गाजलेला टप्पा सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. मूत्रपिंड घडवण्यासाठी लागणारी दोन जनुके त्यांनी डुकराच्या भ्रूणातून काढून टाकली आणि त्या रिकाम्या जागी मानवी मूलपेशी सोडल्या. असे १८२० भ्रूण १३ डुकरिणींच्या गर्भाशयात ठेवण्यात आले. पंचविसाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवशी गर्भ काढून त्यांतील पाच तपासले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत निम्म्याहून अधिक पेशी मानवी आढळल्या. काम खरोखर मोठे आहे. मात्र डुकरीण ११४ दिवसांनी विते, म्हणजे हा प्रवास पाव वाटेवरच थांबवलेला होता. शिवाय त्या दिवसांत गर्भात दिसते ते मध्यवृक्क, म्हणजे पुढे विरून जाणारे तात्पुरते मूत्रपिंड. डुकराच्या गर्भात ते चांगले ठसठशीत असते आणि भ्रूणशास्त्र शिकलेल्या प्रत्येक पशुवैद्यकाने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले असते. कायमचे मूत्रपिंड त्यानंतर घडते. त्याच्या रक्तवाहिन्या डुकराच्याच पेशींच्या राहिल्या, तर मानवी रक्त त्यांना परके मानणार, ही अडचण आहेच.

मानवी पेशी नेमून दिलेली जागा सोडून मेंदूत किंवा प्रजननग्रंथीत शिरल्या तर काय, या प्रश्नावर नीतिशास्त्राचे अभ्यासक भरपूर लिहितात, आणि ते योग्यच आहे. ग्वांगझूच्या गर्भांत मेंदू व मज्जारज्जूमध्ये अगदी थोड्या मानवी पेशी सापडल्या होत्या. डुकराचा अवयव धर्माला चालेल का, हा वाद मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. डुकराच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन आपल्याकडे वर्षानुवर्षे टोचले गेले आणि डुकराच्या हृदयाच्या झडपांवर कितीतरी माणसे जगली. ज्या डुकरिणीच्या पोटी हे सगळे घडायचे, तिच्या आरोग्याविषयी मात्र या चर्चेत फारसे कोणी बोलत नाही.

बेनेट यांचेच उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी त्यांचे निधन झाले आणि त्यांना बसवलेल्या हृदयात डुकरांमधील सायटोमेगॅलो विषाणू सापडला. त्या डुकराच्या नाकातील स्रावाची आधी तपासणी झाली होती, पण विषाणू हाती लागला नव्हता. हा नागिणीच्या कुळातला विषाणू. जनावर धडधाकट दिसते आणि तो अंगात दबा धरून बसलेला असतो. त्याला रोखायचे तर पिल्ले शस्त्रक्रियेने काढून डुकरिणीपासून ताबडतोब तोडावी लागतात. म्हणायला सोपे आहे. डुकराच्या पिल्लाला वारेतून आईची प्रतिपिंडे मिळत नाहीत, ती सगळी पहिल्या चिकातून मिळतात, आणि हा चीक जन्मल्यापासून एका दिवसाच्या आतच उपयोगी पडतो. चीक न मिळालेले पिल्लू साध्या हगवणीनेही दगावते. अशी पिल्ले निर्जंतुक खोलीत बाटलीवर जगवणे आणि अवयव पुरेसा मोठा होईपर्यंत, म्हणजे काही महिने, निरोगी ठेवणे हे काम शल्यविशारदाचे नव्हे. मूत्रपिंड मानवी पेशींचे असले, तरी ते वाढणार डुकराच्या रक्तावरच, त्यामुळे हा धोका दुसऱ्या वाटेवरही टळत नाही. उलट एकाच शरीरात दोन्ही जातींच्या पेशी नांदू लागल्या, तर डुकराच्या विषाणूला मानवी पेशींची ओळख करून घेण्याची आयती संधी मिळेल. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात गुपचूप वाढतो, हे आपल्या देशाला चांगले ठाऊक आहे. तेव्हा अशी जनावरे ठेवायची जागा डासांपासूनही राखावी लागेल.

आपल्याकडे यासंबंधी नियम काय आहेत? मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा महाराष्ट्र आणि गोव्यात पहिल्या फेरीतच, फेब्रुवारी १९९५ मध्ये, लागू झाला. पुढे १९९७ मध्ये आसामात डॉ. धनीराम बरुआ यांनी एका रुग्णाला डुकराचे हृदय बसवले, रुग्ण आठवडाभरात दगावला आणि डॉक्टरांना अटक झाली. त्या कायद्याचा सारा भर माणसाकडून माणसाला मिळणाऱ्या अवयवांवर आहे. मूलपेशी संशोधनाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी, मानवी मूलपेशी घातलेल्या जनावरांची पैदास करण्यास मनाई केली आहे. परंतु अवयवासाठी पाळलेल्या जनावराची राहणी, त्याचे विलगीकरण, त्याच्या रक्ताचे नमुने किती वर्षे जपायचे आणि रुग्णासोबत त्याच्या घरच्यांचीही तपासणी किती काळ करायची, याची तपशीलवार नियमावली असे प्रयोग इथे सुरू होण्याआधीच तयार असली पाहिजे. ती लिहिणाऱ्या समितीत हृदयरोगतज्ज्ञ, कायदेपंडित आणि नीतिज्ञ असतील, हे गृहीत आहे. वराहपालन आणि पशुरोग यांचा प्रत्यक्ष अनुभव असलेले दोन-तीन पशुवैद्यकही त्यात असावेत, आणि तेही नाममात्र निमंत्रित म्हणून नव्हे, तर मताचा अधिकार असलेले सदस्य म्हणून.

आपल्या दैनिकाला एवढीच विनंती, की यापुढे अशी बातमी छापताना अवयव डुकराचा होता की मानवी पेशींचा, तो जिवंत रुग्णाला बसवला की गर्भावस्थेतच तपासला, आणि ते जनावर कोठे व कसे वाढवले होते, एवढा खुलासा बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच द्यावा.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, फलटण