अणू नव्हे, अणुकेंद्रके

मा. संपादक, स.न.वि.वि.

विज्ञान पुरवणीत क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मावर, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांतले क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन मोकळे होतात त्या अवस्थेवर, लेख आला, आनंद झाला. पण शिशाचे 'अणू' आदळून 'वायू' तयार होतो असे त्यात छापले आहे. दोन्ही चूक. अकरावी-बारावीची मुले ही कात्रणे जपून ठेवतात, म्हणून हे पत्र.

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत शिसे भट्टीत तापवून त्याची वाफ करतात. आयन-स्रोतातून बाहेर पडताना अणूचे २९ इलेक्ट्रॉन गेलेले असतात. पुढे वेग वाढवत पातळ पत्र्यांतून नेले की ५४ आणि शेवटी सगळे ८२ निघतात. उरते नुसते केंद्रक : ८२ प्रोटॉन, १२६ न्यूट्रॉन. अशा केंद्रकांचे दोन झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर आणतात. एकही इलेक्ट्रॉन मागे राहिलेला चालत नाही. दोन केंद्रके न आदळता जवळून गेली तरी त्यांच्या प्रखर विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा धनभारित जुळा) यांची जोडी जन्मते आणि कधी त्यातला इलेक्ट्रॉन केंद्रकालाच चिकटतो. विद्युत भार ८२ चा ८१ झाला की झोत वळवणारे चुंबक त्याला कमी वळवते. असे आयन नळीच्या एकाच जागी आपटत राहिले, तर १.९ केल्विनवर ठेवलेले चुंबक तापून अतिसंवाहकता (विनारोध वीज वाहू देण्याचा गुण) गमावू शकते. म्हणून झोताची वाट किंचित सरकवून हा मारा सुरक्षित जागी घेतात.

टक्कर जितकी समोरासमोर, तितका प्लाझ्मा मोठा. तापमान सुमारे १.८ लाख कोटी केल्विनपलीकडे गेले की प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या सीमाच उरत नाहीत. द्राक्षांचे दोन घड असे चिरडावेत, की कुठला रस कुठल्या मण्याचा हे कळू नये. आणि तो रसच आहे, वाफ नव्हे. अर्धवट टकरीत एकमेकांवर आलेला भाग बदामासारखा असतो. विरळ वायू असता तर कण चहूकडे सारखेच उडाले असते. प्रत्यक्षात ते बदामाच्या रुंदीच्या दिशेने जास्त निघतात. अमेरिकेतील ब्रुकहेवनच्या प्रयोगांनी सोन्याच्या टकरींवरून २००५ मध्ये हेच मांडले : हा अत्यल्प स्निग्धतेचा, म्हणजे जवळपास अडथळ्याविना वाहणारा, द्रव आहे.

तो टिकतो जेमतेम १०⁻²³ सेकंदाच्या घरात, तेव्हा 'प्लाझ्मा दिसला' असेही लिहू नये. यंत्रे टिपतात ते नंतर बाहेर पडलेले हजारो कण. जोराने निघालेल्या क्वार्कने वाटेत किती ऊर्जा गमावली, जे-साय कण (चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांची जोडी) अपेक्षेपेक्षा किती कमी निघाले, यांवरून अनुमान काढतात.

आकृतीही सुधारावी. आदळण्याआधी केंद्रके चेंडूसारखी गोल काढली आहेत. त्या वेगाला ती आपल्याला अडीच हजार पटींहून अधिक चपटी, तबकड्यांसारखी भासतात.

– भौतिकशास्त्राचे काही शिक्षक, नाशिक