फ्रिजवरचा कागद

सनीसाइड, क्वीन्स, न्यूयॉर्क
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

बुधवारी सकाळी तुझा निरोप ऐकला. "काय रे विन्या, तुमच्याकडे कम्युनिस्ट महापौर आला म्हणे! तू मत कुणाला दिलंस ते खरं सांग." फोनवर सांगितलं असतं तर दोन वाक्यांत आटपलं असतं, आणि तू पुढचा अर्धा तास माझी फिरकी घेतली असतीस. म्हणून आज रविवार बघून कागद घेऊन बसलोय.

ममदानीकडे, म्हणजे निवडून आलेल्या त्या नव्या महापौराकडे, वळण्याआधी आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेल्या एका कागदाबद्दल सांगतो. भाडेकराराच्या नूतनीकरणाचा फॉर्म आहे तो. त्यावर दोन चौकोन आहेत. एक वर्षाचा करार हवा असेल तर भाडं ३ टक्क्यांनी वाढणार, दोन वर्षांचा हवा असेल तर साडेचार टक्क्यांनी. आमचं घर 'रेंट स्टॅबिलाइज्ड' आहे. अशी घरं या शहरात सुमारे दहा लाख आहेत. त्यांचं भाडं किती वाढवायचं हे मालकाच्या हातात नसतं, नऊ जणांचं एक मंडळ दरवर्षी जूनच्या सुमारास मतदान करून ते ठरवतं. आणि त्या नऊही जणांची नेमणूक महापौर करतो. आता तुझ्या डोक्यात प्रकाश पडला असेल.

झोहरान ममदानीने वर्षभर जवळजवळ एकच वाक्य म्हटलं: भाडं गोठवणार. या वर्षी १ जानेवारीला कोनी आयलंडच्या समुद्रात सूट-टाय घालून उडी मारली पठ्ठ्याने. गारठून बाहेर आला आणि कॅमेऱ्याला म्हणाला, मी गोठतोय, तसं तुमचं भाडंही गोठवतो. त्या वेळी त्याला क्वीन्समधल्या त्याच्या अ‍ॅस्टोरिया भागाच्या बाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. मीही तो व्हिडिओ बघून हसलो आणि विसरून गेलो. पण वाक्य लक्षात राहिलं, हे मला जूनमध्ये कळलं, जेव्हा त्याने प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, माजी गव्हर्नर कुओमोला चीत केलं. कुओमोच्या बाजूने बाहेरच्या गटांनी दोन कोटी डॉलरच्या वर ओतले होते. टीव्ही लावला की त्याच जाहिराती: गुन्हेगारी, अनुभव, हा पोरगा काय शहर चालवणार. भाड्याबद्दल त्यात जवळजवळ काही नव्हतं.

या माणसाची राजकारणाआधीची नोकरी काय होती माहीत आहे? इथेच क्वीन्समध्ये कर्जाचे हप्ते थकलेल्या लोकांची घरं वाचवण्यासाठी सल्ला देणं. म्हणजे बँकेचं पत्र हातात घेऊन रडवेलं झालेलं माणूस समोर बसलंय आणि हा कागद वाचतोय. मला वाटतं त्याची बोलण्याची पद्धत तिथून आलेली आहे. २०२४ मध्ये ट्रम्प निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत हा मायक्रोफोन घेऊन ब्रॉंक्समधल्या फोर्डहम रोडवर आणि आमच्या क्वीन्सच्या हिलसाइड अ‍ॅव्हेन्यूवर उभा राहिला होता. तुम्ही ट्रम्पला मत का दिलंत, किंवा दिलंच का नाहीत, एवढंच विचारत होता. वाद घातला नाही, कुणाची कानउघाडणी केली नाही. लोक म्हणाले, महागाई. भाडं. किराणा. मग विचारलं, यावर कुणी बोललं तर मत द्याल का? झालं, पुढच्या वर्षाचा प्रचार लोकांनीच त्याला लिहून दिला. (तुझ्या माहितीसाठी: त्याचे वडील, प्राध्यापक महमूद ममदानी, जन्मले आपल्या मुंबईत. आता तू 'मुंबईचा मुलगा' म्हणून छाती फुगवू नकोस, पोरगा स्वतः कंपालात जन्मलाय.)

ऑक्टोबरच्या मध्यावर एका संध्याकाळी आमची बेल वाजली. कुकरची तिसरी शिट्टी होत होती, मी पायजम्यात. दारात पंचविशीतली एक मुलगी, गळ्यात प्रचाराचा बिल्ला. मला वाटलं आता पाठ केलेलं भाषण येणार. तिने विचारलं, "तुमचं भाडं किती आहे?" अरे, इथे हा प्रश्न कुणी विचारत नाही, पगार विचारल्यासारखं वाटतं. पण मी सांगून टाकलं, २,१४० डॉलर. मग तिचं विचारलं. चौघं मिळून एका घरात राहतात, एका खोलीचे हिचे १,४५०. आणि ते घर खुल्या बाजारातलं, म्हणजे नऊ जणांचं मंडळ काहीही ठरवो, हिचं भाडं एका डॉलरनेही थांबणार नाही. मी म्हटलं, मग तू कशाला जिने चढतेस? ती हसली. सात वर्षांत पाच घरं बदलली म्हणाली. मग मी तिला माझी दलालीची गोष्ट ऐकवली, तुला ठाऊक आहेच: हे घर घेतलं तेव्हा भाडं १,८६० होतं, आणि मालकाने बोलावलेल्या दलालाला वर्षाच्या भाड्याचे १५ टक्के, म्हणजे ३,३४८ डॉलर मी मोजले होते. त्याने काम काय केलं? कुलूप उघडलं. ती प्रथा यंदाच्या जूनमध्ये कायद्याने बंद झाली, दलाल ज्याने आणला त्यानेच पैसे द्यायचे. दहा मिनिटं आम्ही दारातच उभे. तिने उमेदवाराचं नाव घेतलं ते शेवटी, निघताना, आणि शेजारची बेल वाजवली.

तुझ्यातला संख्याशास्त्राचा मास्तर आता विचारेल, अशाने मत बदलतं का? ब्रूकमन आणि काल्ला या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २०१८ साली ४९ प्रयोगांचा हिशोब एकत्र मांडला होता. निष्कर्ष असा की सार्वत्रिक निवडणुकीत दार ठोठावून, पत्रकं पाठवून, जाहिराती दाखवून कुणाला मत द्यायचं हे बदलण्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य. मी ते खरं मानतो. त्या मुलीने माझं मत बदललं नाही. पण त्या संध्याकाळपर्यंत भाडं ही माझी खासगी चिंता होती. महिनाअखेरीस मी आणि बायको हळू आवाजात जिच्याबद्दल बोलतो अशी. ती मतपत्रिकेवरची गोष्ट झाली ती त्या दारात. आणि घराबाहेर पडून रांगेत उभं राहायला तेवढं पुरतं. यंदा वीस लाखांवर मतं पडली, महापौरपदासाठी १९६९ नंतर एवढी कधीच पडली नव्हती. ममदानीला अर्ध्याहून किंचित जास्त मिळाली, प्रायमरी हरून अपक्ष उभ्या राहिलेल्या कुओमोला ४१ टक्क्यांच्या आसपास.

हां, दिलं मी त्याला. पण सुध्या, हात थरथरला. कारण तू, मी आणि आपली गिरगावातली चाळ.

तुझ्या आजोबांनी पगडी मोजून घेतलेल्या त्या दोन खोल्या, आणि भाडं किती, तर महिन्याकाठी जेवढ्यात आज वडापावची एक जोडीसुद्धा येत नाही! १९४७ च्या कायद्याने मुंबईची भाडी १९४० च्या सप्टेंबरातल्या आकड्याला बांधून टाकली. दोन-चार वर्षांची सोय म्हणून आलेला कायदा अर्धशतक पुरला, कारण भाडेकरूंची मतं कुठल्या पक्षाला नको होती? मालक पावती फाडायलाही कंटाळायचा, डागडुजी तर लांबच. जिन्याला लावलेल्या लाकडी टेकूंमागे आपण लपाछपीत लपायचो. ते टेकू आहेत हे आपल्याला कधी विचित्र वाटलंच नाही, कारण ते आपल्या आधीपासून होते. गोठवलेलं भाडं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो जिना येतो.

इथलं तसं नाही, हे मी स्वतःला बजावतो. इथे दर वर्षी मतदान होतं, भाडं हळूहळू का होईना वाढतं. माजी महापौर डी ब्लाझिओच्या काळात २०१५, २०१६ आणि २०२० अशी तीनदा एक वर्षाच्या करारांची वाढ शून्य ठरली होती. मी इथे आल्यावरचं पहिलंच नूतनीकरण शून्याचं होतं. इमारत उभी आहे. पण दुसऱ्या मजल्यावर एक घर दोन वर्षं कुलूपबंद आहे. तिथली म्हातारी चाळीस वर्षं राहून गेली. आता ते नीट करायला जो खर्च येईल तो भाड्यातून वसूल करता येत नाही, २०१९ च्या कायद्याने ती वाट फारच अरुंद केली, असं मालक लोक म्हणतात.

आमच्या महाराष्ट्र मंडळात एक काका आहेत, त्यांची आठ घरांची जुनी इमारत आहे. दिवाळीच्या फराळाला चकली मोडत मोडत त्यांनी मला हिशोब ऐकवला: विमा, मालमत्ता कर, बॉयलर. "तुझं भाडं गोठेल, माझा विमा कोण गोठवणार?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, मी दुसरी चकली घेतली. त्यांचं मत कुओमोला. साहजिकच आहे.

आता खरी मेख सांगतो. या शहरात घरंच कमी आहेत. २०२३ च्या पाहणीत भाड्याच्या घरांपैकी रिकामी किती सापडली? १.४ टक्के. १९६८ नंतर एवढी कमी कधी नव्हती. दुखण्याचं मूळ तिथे आहे, भाडं गोठवून नवीन भिंत उभी राहत नाही. ममदानीच्या जाहीरनाम्यात दहा वर्षांत दोन लाख परवडणारी घरं आहेत. पण सभेत तो "फ्रीझ द" म्हणायचा आणि गर्दी "रेंट!" म्हणून ओरडायची. दोन लाख घरांसाठी कुणी ओरडलं नाही. घर बांधायला परवानगी लागते, कर्ज लागतं, पाच-सात वर्षं लागतात, आणि शेजाऱ्यांचा विरोध तर हमखास. भाडं थांबवायला नऊ माणसांचा एक ठराव पुरतो. मतदाराला कुठलं पटवणं सोपं आहे, तूच सांग.

गंमत म्हणजे नवीन बांधकामाचा प्रश्नही याच निवडणुकीत होता, पण मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला. परवडणाऱ्या घरांची परवानगी लवकर मिळावी, आणि एका वॉर्डाच्या नगरसेवकाने नाही म्हटलं की प्रकल्प बारगळतो ही रीत मोडावी, असे ठराव होते. नगर परिषदेतल्या बऱ्याच जणांचा विरोध, आमच्या पेटीत त्यांची पत्रकं येऊन पडत होती. ममदानीने शेवटपर्यंत मौन पाळलं आणि मतदानाच्या दिवशी सकाळी सांगितलं की मी 'हो' म्हटलं. हे मला आवडलं नाही. ज्याच्या शब्दावर एवढे लोक घराबाहेर पडतात त्याने हे महिनाभर आधी सांगायला काय हरकत होती? पण आधी सांगितलं असतं तर आपल्याच गोटातले काही जण दुखावले असते, तेव्हा हिशोब उघड आहे.

शाळेच्या व्यायामशाळेत मतदान. माझ्या शेजारच्या टेबलावर एक आजीबाई, बहुधा कोलंबियाच्या. पुढच्या बाजूला एक गोल भरला आणि निघाल्या. कर्मचाऱ्याने हाक मारली, मागे पण आहे! त्या परत आल्या, कागद उलटा केला, बराच वेळ चष्मा वरखाली करत वाचला, आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले. काय भरलं कोण जाणे. ते घरांचे ठराव मंजूर झाले एवढं खरं.

आणि हे खूळ आमच्या शहरापुरतं नाही. 'अफोर्डेबिलिटी' (परवडणं) हा शब्द इथे सध्या आरतीसारखा म्हणतात. त्याच दिवशी नदीपलीकडे न्यू जर्सीत मिकी शेरिल विजेचे दर गोठवण्याचं वचन देऊन गव्हर्नरपदी निवडून आल्या. गेल्या वर्षी कमला हॅरिस पहिलं घर घेणाऱ्यांना २५,००० डॉलर देणार होत्या, आणि ट्रम्प म्हणत होते की स्थलांतरितांना हाकललं की घरं मोकळी होतील. त्यांतलं कुठलं लोकांना पटलं ते तू पाहिलंसच.

तर फ्रिजवरचा कागद. काल रात्री बायकोने आणि मी बसून गणित केलं. दोन वर्षांचा करार घेतला तर चोवीस महिन्यांत २,३११ डॉलर जास्त जातील. एक वर्षाचा घेतला आणि पुढच्या जूनमध्ये मंडळाने खरंच शून्य ठरवलं तर १,५४१. ठरवलं नाही आणि पुन्हा ३ टक्के लागले तर २,३३४. म्हणजे तो शब्दाला जागला तर ७७० डॉलर वाचतात, नाही जागला तर २३ डॉलर बुडतात. बायको म्हणाली, एवढ्या स्वस्तात आजवर कुठल्या पुढाऱ्यावर विश्वास टाकलाय आपण? जाणारे महापौर अ‍ॅडम्स जाता जाता मंडळावर आपली माणसं बसवतील अशी कुजबुज आहे, तेव्हा ते २३ डॉलर अगदीच हिशोबाबाहेर नाहीत.

एक वर्षाच्या चौकोनात खूण केली आहे. उद्या कामावर जाताना टपालात टाकतो. तुमच्या चाळीच्या पुनर्विकासाचं काय झालं ते सविस्तर लिही, आणि तो विकासक यंदा किती चौरस फूट म्हणतोय तेही. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विन्या