‘हमीभाव’ नको, ‘आधारभाव’ लिहा

संपादक महोदय,

२०२४च्या खरिपात केंद्राने सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलमागे ४,८९२ रुपये ठरवली. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने ‘सोयाबीनला ४,८९२ रुपये हमीभाव’ असे कुठेतरी वाचले आणि दिवाळीत फोन केला, “मामा, यंदा जमलं तुमचं!” मी तर आदल्याच आठवड्यात माल ४,१००ने विकून आलो होतो.

चूक त्याची नाही. आपण कोणाच्या कर्जाला हमीदार राहिलो आणि त्याने हप्ते थकवले, तर बँकेची नोटीस आपल्या दारी येते. हमीभाव हुकला तर कोणाच्याच दारी नोटीस येत नाही. केंद्र ही किंमत २२ पिकांसाठी जाहीर करते, पण व्यापाऱ्याने त्याच भावाने घ्यावे असा केंद्राचा कायदा नाही. सरकारी केंद्रावर तो भाव मिळतो, पण आधी नोंदणी, मग नंबर, मग ओलाव्याची तपासणी. सोयाबीनला जास्तीत जास्त १२ टक्के ओलाव्याची अट होती. ओरड झाल्यावर ती १५ टक्के केली, तोवर ज्याला रब्बीचे बियाणे आणायचे होते त्याने माल विकलाही होता.

वडिलांच्या काळी ‘हमीभाव’ या शब्दात जीव होता. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. दुसऱ्याला विकायला बंदी, पण पणन महासंघाला, म्हणजे राज्याच्या सहकारी खरेदी संस्थेला, कापूस ठरल्या भावाने घ्यावाच लागे. चुकारा, म्हणजे मालाचा पैसा, रखडायचा, कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) रात्र-रात्र जिनिंगसमोर उभ्या असायच्या, तरी कोणत्या प्रतीला काय भाव हे वावरातून निघतानाच ठाऊक असे. आमच्याकडे हा शब्द तोंडात बसला तो बहुधा तेव्हापासूनच.

संत्रा तर त्या २२ पिकांत नाहीच. नागपूरच्या कळमना बाजारात लिलावात निघेल तो त्याचा भाव. तरीही ‘संत्र्याला हमीभाव मिळेना’ असे लिहिलेले दिसते. जो जाहीरच होत नाही तो मिळणार कुठून?

माझी कळकळीची विनंती आहे, की सरकारने जाहीर केलेल्या आकड्याला आधारभाव म्हणा, कास्तकाराच्या हाती पडतो त्याला बाजारभाव म्हणा, आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा. मथळ्यात जागेची अडचण असते हे कळते, पण ‘हमीभाव’पेक्षा ‘आधारभाव’ला एकच अक्षर जास्त लागते.

आपला,
एक कास्तकार वाचक, नागपूर