सही करण्याआधी पंधरा दिवस

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या वर्कशॉपसाठी आलेलं रोबोटचं कोटेशन दोनदा वाचलं. फोनवर मी पटकन "नको" म्हणून गेले, ते मागे घेते. रोबोट घ्यायला माझी हरकत नाही. तो कोणत्या कामाला लावायचा, एवढं आधी ठरू दे.

पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, १९६१ साली जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. डाय-कास्टिंग मशीनमधून निघणारे तापलेले भाग उचलायचं काम त्याला दिलं होतं. माणसाला भाजणारं काम आधी यंत्राकडे गेलं, हे मला फार पटतं. तुमचा उजवा खांदा आठवला की जास्तच पटतं. वाकून ट्रेमधला जॉब (कापायचा तुकडा) उचला, मशीनच्या चकमध्ये (पकडीत) धरा, दार लावा, बटण दाबा, दिवसभर तेच. एवढं त्याला देऊन टाका. सेटिंग, मोजमाप, आणि काठावरून अंगठा फिरवून बर (धातूची खरखरीत कड) राहिलाय का ते ओळखणं तुमच्याकडेच राहू दे.

कोटेशनमधल्या "उत्पादन दुप्पट" या ओळीवर मात्र विसंबू नका. जॉब कापायला चार मिनिटं लागत असतील, तर रोबोट आल्यावरही चारच लागणार. मशीन वेगानं नाही, जास्त वेळ चालेल: जेवणाच्या सुट्टीत, शिफ्ट संपल्यावर तास-दोन तास. तेही टूल टिकलं आणि कापताना निघणाऱ्या धातूच्या चिप्स गुंतल्या नाहीत तर. मी काम करते तिथे एकदा ट्रेमधला एकच जॉब जरा तिरका बसला होता. रोबोटचा हात ठरल्या जागी बिनचूक गेला, पण जॉब जबड्यात आलाच नाही. सकाळी येऊन बघतो तर लाल दिवा लागलेला, मशीन थंड. माणसानं तो जॉब जाता जाता सरळ केला असता, त्याच्या लक्षातही राहिलं नसतं. म्हणून आधी ट्रे आणि जॉब जागेवर पक्का धरणारं फिक्स्चर नीट करून घ्या. रोबोट नाही घेतला तरी तो खर्च वाया जाणार नाही.

आई, हिशेब तुझ्याकडे असतो म्हणून हे तुला सांगते. कोटेशनमध्ये रोबोटचा नुसता हात आहे. ग्रिपर (हाताच्या टोकाची पकड), स्टँड, मशीनशी जोडणी, दार उघडायची सोय, प्रोग्रॅमिंग, शिकवणी हे सगळं धरलं की हाताच्या किमतीएवढा खर्च आणखी होऊ शकतो. शिवाय पाच किलो उचलतो म्हणजे पाच किलोचा जॉब उचलतो असं नाही, ग्रिपरचं वजनही त्यातच आलं. "हा कोबॉट, म्हणजे माणसाशेजारी चालणारा रोबोट, आहे; भोवती जाळी लागत नाही" हेही लेखी मागून घे. धक्का लागला की तो थांबतो हे खरं, पण त्याच्या पकडीत धारदार काठाचा जॉब असेल तर थांबेपर्यंत माणसाला कापलेलं असू शकतं.

माझी एकच विनंती आहे. सही करण्याआधी पंधरा दिवस मशीनजवळ एक वही ठेवा. मशीन कधी थांबली, किती वेळ, कशामुळे, एवढंच लिहायचं. जॉब चढवायला माणूस नव्हता म्हणून थांबली असेल तर रोबोट उपयोगाचा. माल आला नाही, ड्रॉइंग बदललं, सेटिंगला अर्धा दिवस गेला, असं निघालं तर रोबोटही तिथेच उभा राहील आणि हप्ता मात्र चालू राहील. तीस-तीस नगांच्या वेगवेगळ्या ऑर्डरी त्याच्यावर टाकू नका. दर महिन्याला हमखास येणारा एकच जॉब निवडा.

आणि वही लेथवरच्या काकांनाच लिहू द्या. रोबोट येणार ही कुजबुज त्यांच्या कानावर गेली असेलच. तो चालवायला तेच शिकणार आहेत, हे बाबा, तुम्ही स्वतः त्यांना सांगा, आजच.

वही भरली की पानांचे फोटो पाठवा. आपण तिघं मिळून हिशेब करू. तोवर जड जॉब एकट्यानं उचलू नका.

तुमची,
लेक